साडेचौदा किलोचा व्हॉल्व्ह

डोंबिवलीच्या एमआयडीसीत, फेज टूमध्ये, आमचा गाळा आहे. तिथे मी बारा वर्षं सेफ्टी व्हॉल्व्ह तपासायच्या कामात आहे. गॅसचा टँकर रस्त्याने जाताना दिसतो, त्याच्या पाठीवर हा व्हॉल्व्ह बसवलेला असतो. आत एक जाड स्प्रिंग. टाकीतला दाब ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की स्प्रिंग दबते, तोंड उघडतं, थोडा गॅस बाहेर जातो, दाब उतरला की तोंड पुन्हा बंद. तिथे माणसाने हजर असायची गरज नसते, आणि म्हणूनच माणसाने आधी नीट काम केलेलं असावं लागतं. ठरलेल्या मुदतीनंतर हे व्हॉल्व्ह उतरवून आमच्याकडे येतात. आम्ही ते खोलतो, साफ करतो, बेंचवर हवेच्या दाबाने उघडून बघतो आणि मग त्यांना तार ओवून शिशाचं सील मारतो. त्यानंतर कोणी स्क्रू फिरवला तर सील तुटलेलं दिसतं.

माझं काम शेवटचं. व्हॉल्व्हच्या अंगावर ठोकलेला नंबर, त्याला बांधलेला टॅग आणि रजिस्टरमधली नोंद, तिन्ही जुळवायची आणि सर्टिफिकेटवर सही करायची. माझी सही झाल्याशिवाय व्हॉल्व्ह गाळ्याबाहेर जाऊ नये असा नियम आहे. तो नियम मीच लिहिलेला.

बेंचवर जो माणूस काम करायचा, त्याला सगळे भाऊ म्हणत. मीही म्हणायचे. बोलताना मी त्याला तुम्ही म्हणायचे, मनात मात्र तो. वयाने आम्ही सारखेच. त्याचं घर एमआयडीसीला लागूनच असलेल्या गावात. आजोबांच्या काळात भातशेती आणि मिठागर होतं, आता त्या जागेवर चार मजली इमारत आणि सगळ्या मजल्यांवर भाडेकरू. त्याला नोकरीची गरज नव्हती. तो यायचा कारण त्याला हे काम आवडायचं, आणि हेच मला सहन होत नव्हतं. मी वर्तकनगरच्या कॉलनीत वाढलेली, वडील टर्नर. मेकॅनिकलच्या डिप्लोमाला आमच्या वर्गात चार मुली होत्या, त्यातली मी एक. ड्रॉइंग, गेज, कागद, सगळं घासून घासून शिकले. तो आयटीआयचा फिटर, आणि त्याला जे येत होतं ते मला कोणी शिकवूच शकत नव्हतं.

बेंचवर दाब वाढवताना व्हॉल्व्ह एकदम सुटत नाही. सुटायच्या जरा आधी बारीक सूं असा आवाज येतो. भाऊला तो आवाज गेजचा काटा पोहोचायच्या आधी ऐकू यायचा. मान किंचित कलती करायचा आणि म्हणायचा, "आता." आणि व्हॉल्व्ह सुटायचा. मी शेजारी वही घेऊन उभी असायचे, कान टवकारून. मला कॉम्प्रेसरच्या घरघरीशिवाय काही ऐकू यायचं नाही. कित्येकदा तो बाहेर गेला की मी कोणाला न सांगता बेंचपाशी उभं राहून प्रयत्न केला. नाही जमलं.

ग्राहक गाळ्यात शिरले की पहिला प्रश्न, "भाऊ कुठायत?" माझ्या टेबलावरून पुढे जाऊन ते त्याच्याकडे जायचे. सर्टिफिकेट घ्यायला मात्र माझ्याकडे यायचे, रेशनच्या खिडकीवर यावं तसे.

दोन वर्षांपूर्वी मालकांनी मला नियमांचा फलक करायला सांगितला. आम्ही त्यांना साहेब म्हणतो. मी दोन महिने बसून चौदा नियम लिहिले. व्हॉल्व्हच्या खाली बंद करायचा कॉक असेल तर तो उघडा ठेवून कुलूप लावा. गळतोय म्हणून व्हॉल्व्हचं तोंड कधीही बुजवू नका. बाहेर जाणाऱ्या नळीत पाणी, चिंध्या, पक्ष्यांची घरटी नाहीत ना हे बघा. ज्याने तपासलं त्यानेच सही करू नये. असे चौदा. लॅमिनेट करून वॉटर कूलरच्या बाजूला लावले. मग एका वाहतूकदाराचे ड्रायव्हर प्रशिक्षणाला आले. साहेब म्हणाले, मॅडम, तुम्ही वाचून दाखवा. मी वाचले. सहाव्या नियमापर्यंत अर्ध्या लोकांचे मोबाइल बाहेर आलेले होते.

साहेबांच्या ते लक्षात आलं. "भाऊ, तुम्ही सांगा जरा," ते म्हणाले.

भाऊ हात पुसत आला. घरी तो गावची बोली बोलायचा, आमच्यात आमच्यासारखी. त्या दिवशी मुद्दाम घरचीच काढली. "आमचा आजा खारीत भात लावायचा," तो म्हणाला. "खाडीच्या बांधाला लाकडाची उघाडी असायची. म्हंजी दार. शेतात पानी जास्त झाला का आतल्या जोरानं त्या दाराची फली आपोआप उघडायची, पानी खाडीत जायचा. एक वर्षी कोनीतरी मासे बाहेर जाऊ नयेत म्हनून फलीला गोनपाट बांधला. रातभर पाऊस. सकालच्याला बघतात तं बांधच नाय." मग त्याने टँकरच्या व्हॉल्व्हकडे बोट दाखवलं. "ही उघाडी. हिला गोनपाट बांधायचा नाय."

ड्रायव्हर हसले, मोबाइल खिशात गेले. नंतर एकेक प्रश्न विचारायला लागले. एकाने माझ्या फलकासमोर भाऊला नेऊन विचारलं, "हा नववा काय लिहिलाय?" माझा नववा नियम, आणि अर्थ त्याला विचारत होते. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग तू पण सांग ना असं काहीतरी."

"मी कुठून आणू खाडी?" मी म्हणाले. त्याने माझ्याकडे जरा चमकून पाहिलं, कारण मी हे ओरडून म्हटलेलं. मुलाने टीव्हीचा आवाज कमी केला.

त्यानंतर तो वाहतूकदार भाऊलाच मागायला लागला. साहेब भाऊला वाहतूकदाराच्या माजिवड्याच्या ऑफिसला पाठवायचे, ड्रायव्हरांशी बोलायला. माझ्या फलकाचे फोटो काढून तो बरोबर न्यायचा. एकदा मला म्हणाला, "ताई, तुमचेच नियम सांगतो मी, फक्त माझ्या तोंडाने." तो हे मोकळेपणाने बोलला होता. मला ते इतकं लागलं, की तो कुत्सितपणे बोलला असता तरी तेवढं लागलं नसतं.

ही सगळी पार्श्वभूमी त्या शनिवारची.

त्या सकाळी बेंचवर दोन व्हॉल्व्ह होते. एकाच कंपनीचे, एकाच मापाचे, दिसायला डिट्टो. एक त्याच वाहतूकदाराच्या, स्वयंपाकाच्या गॅसच्या टँकरचा, साडेचौदा किलो दाबाला सुटणारा. दुसरा एका कारखान्यातल्या प्रोपेनच्या टाकीचा, अठरा किलोचा. भाऊने दोन्ही बरोबर लावले, दोन्ही बरोबर सुटले. सील मारून झालं आणि टॅग बांधायच्या वेळी वाहतूकदाराची दोन माणसं आली. त्यांना भाऊचा व्हिडिओ हवा होता, ड्रायव्हरांच्या ग्रुपवर टाकायला. साहेबही बाहेर आले. भाऊ लाजत लाजत टॅग हातात घेऊन बोलत होता, एक जण मोबाइल धरून. मी वही घेऊन मागे उभी. "मॅडम, जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय," तो मोबाइलवाला म्हणाला. मी बाजूला झाले.

अकरा वाजता दोन्ही व्हॉल्व्ह माझ्या टेबलाशेजारच्या ट्रेमध्ये आले. मी टँकरचा उचलला, अंगावरचा नंबर वाचला, टॅग वाचला, रजिस्टर उघडलं. नंबर जुळत नव्हता. दुसरा उचलला. टॅग उलटे लागले होते. टँकरचा टॅग अठरा किलोच्या व्हॉल्व्हला बांधलेला.

भाऊ माझ्यापासून बारा पावलांवर होता. एक हाक पुरे होती.

मी हाक मारली नाही. सोमवारी वार्षिक तपासणीला बाहेरचे साहेब येणार होते. ते दरवेळी ट्रेमधला एखादा व्हॉल्व्ह उचलून नंबर जुळवतात. त्यांनी हा उचलावा, सगळ्यांसमोर, आणि भाऊच्या आणि आमच्या साहेबांच्या चेहऱ्याकडे मी बघावं, असं माझ्या मनात आलं. इतकं स्पष्ट आलं की मला त्याचं समाधान आत्ताच मिळायला लागलं. दोन्ही व्हॉल्व्ह मंगळवारी जायचे होते. धोका कोणालाच नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं. व्हॉल्व्ह ट्रेमध्ये परत ठेवले, सर्टिफिकेट कोरंच ठेवलं आणि दुसरं काम घेतलं. त्या अडीच तासांत मी भाऊशी नेहमीपेक्षा गोड बोलले, हे मला आठवतं.

दीडला जेवायला घरी गेले. अडीचला परतले तर ट्रेमध्ये एकच व्हॉल्व्ह होता.

"टँकरवाल्यांना आजच निघायचं होतं," साहेब म्हणाले. "गुजरातेत भरायला नंबर लागलाय त्यांचा. आपल्या यार्डातच बसवून दिला, गळती बघितली, गेला."

"सही?"

"तुमची होतीच की फॉर्मवर."

होती. साहेबांच्या सोयीसाठी दोन-तीन कोऱ्या फॉर्मवर मी सही करून ड्रॉवरमध्ये ठेवायचे. वर्षभर चाललेलं. माझ्याच चौदा नियमांच्या फलकापासून हाताच्या अंतरावर.

टाकी रिकामी होती, चाचणीसाठी धुऊन काढलेली, म्हणजे आत्ता काही होणार नव्हतं. पण उद्या ती भरेल, उन्हात उभी राहील, आणि ज्या आकड्याला व्हॉल्व्हने तोंड उघडायचं त्या आकड्याला तो गप्प बसेल. मी भाऊकडे गेले आणि इतकंच म्हणाले, "टॅग उलटे लागलेत. अठराचा टँकरवर गेला."

त्याने ट्रेमधला व्हॉल्व्ह उचलून नंबर वाचला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ते बघायचं मी सकाळपासून ठरवलं होतं आणि आता बघवेना.

साहेबांनी ड्रायव्हरला फोन लावला. वाजत राहिला. "दुसरा तर बरोबर आहे ना?" ते म्हणाले. त्या टँकरवर दोन व्हॉल्व्ह होते, एकच आमच्याकडे आलेला. "उद्या परत बोलवू."

"एकाच्या भरवशावर सोडायचा असता तर दोन कशाला बसवले असते साहेब," भाऊ म्हणाला. "ऑफिसात कागद घ्यायला माजिवड्याला थांबतात ते. मी जातो."

"मी येते," मी म्हणाले. मी टँकरसाठी निघाले की फॉर्मवरच्या सहीसाठी, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

टँकर शिळफाट्यावरून मुंब्रा बायपासने जाणार, म्हणजे लांबून. आम्ही त्याच्या मोटरसायकलवर मोठागावच्या नव्या पुलावरून निघालो. माणकोलीला हायवेला लागायच्या आधी सिग्नलपाशी थांबलो, तेव्हा मी बोलले.

"भाऊ, मला सकाळीच कळलेलं."

हेल्मेटमुळे त्याला ऐकू आलं नाही. "काय?"

"टॅगचं. अकरा वाजता बघितलं मी. बोलले नाही."

सिग्नल सुटला. त्याने गाडी पुढे घेतली, मग डावीकडे टायरच्या दुकानासमोर उभी केली. उतरला नाही, मागे वळलाही नाही.

"का नाय बोललात?"

"सोमवारी तपासणीत, सगळ्यांसमोर निघावं म्हणून."

"माझी चूक?"

"हो."

"मी काय केलंय तुमचं ताई?"

या प्रश्नाला खरं उत्तर होतं आणि ते फार लहान होतं. "काही नाही केलंत," मी म्हणाले. "सगळे तुम्हाला विचारतात. मला कोणी विचारत नाही. बारा वर्षं झाली."

शेजारून ट्रकमागून ट्रक जात होते. मला वाटलं, उतरायला सांगेल. मग तो म्हणाला, "सोमवारपर्यंत थांबायची तुमची तयारी होती. टँकर थांबला नाय." आणि किक मारली. खारेगावपर्यंत, साकेतच्या पुलापर्यंत, त्याने गाडीचा वेग कुठेही कमी केला नाही.

टँकर माजिवड्याला उड्डाणपुलाच्या कडेला उभा होता. ड्रायव्हर केबिनमध्ये डबा खात होता, फोन मागच्या सीटवर चार्जिंगला. भाऊ शिडी चढून वर गेला, नंबर मोठ्याने वाचला, मी खाली वहीत बघितला. अठराचाच.

ड्रायव्हर चांगला माणूस होता. म्हणाला, "चार बोल्ट तर आहेत. तुम्ही बरोबरचा आणलाय ना? इथेच बदला. अर्ध्या तासात मी निघतो, कोणाला काही कळायला नको."

बरोबरचा व्हॉल्व्ह माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होता. मला ते पटलं, खोटं का बोलू. अर्धा तास, आणि ही गोष्ट इथेच मिटली असती. भाऊने शिडीवरूनच मान हलवली. "रस्त्यावर नाय. सांध्यातला गास्केट नवा लागेल, बसवल्यावर हवा भरून गळती बघावी लागेल. ते यार्डात होतं. गाडी परत फिरवा."

ड्रायव्हर चिडला, त्याचा भरायचा नंबर जाणार होता. भाऊने त्याला खाली बसून समजावलं, दहा मिनिटं, त्याच्याच भाषेत, आणि तो उठून गाडी वळवायला गेला. मी तिथे उभी होते, सगळं माझ्यामुळे झालेलं, आणि तरी मला वाटलं की हेही यालाच जमतं. अशा वेळीसुद्धा माझ्या पोटात दुखत होतं. मला स्वतःची शिसारी आली, पण म्हणून दुखायचं थांबलं नाही.

संध्याकाळी यार्डात व्हॉल्व्ह बदलला, सांध्यांना साबणाचं पाणी लावून गळती बघितली. साहेब म्हणाले, झालं ते झालं, रजिस्टरमध्ये नको. भाऊने रजिस्टर ओढून घेतलं आणि उभ्या उभ्या लिहिलं: टॅग बांधताना लक्ष नव्हतं, अदलाबदल माझ्याकडून झाली. खाली सही. मग दोन ओळी मोकळ्या सोडून पेन माझ्यासमोर ठेवलं. माझं काहीच लिहिलं नव्हतं त्याने. साहेबांना अजून ठाऊकही नव्हतं. मी पेन उचललं नसतं तरी चाललं असतं, आणि ते त्याला माहीत होतं.

मी लिहिलं: फरक सकाळी अकराला लक्षात आला, कळवलं नाही. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून ठेवत होते.

साहेबांनी ते वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. ड्रॉवर उघडून उरलेले दोन फॉर्म फाडले.

सोमवारी तपासणीचे साहेब ट्रेपर्यंत गेलेच नाहीत. रजिस्टरच्या त्या पानावर थांबले. भाऊला एकच प्रश्न विचारला, टॅग कधी बांधता. मग माझ्याकडे वळले. "लक्षात आल्यावर सांगितलं का नाही?"

"भाऊ पकडले जावेत असं मला वाटत होतं," मी म्हणाले.

गाळ्यात सगळे होते. तपासणीचे साहेब माझ्यापेक्षा वयाने लहान असतील. त्यांनी ते लिहून घेतलं, जसं कुठलंही उत्तर लिहून घ्यावं तसं. त्यांनी मालकांनाही सोडलं नाही, कोऱ्या फॉर्मवरच्या सहीवर व्हॉल्व्ह बाहेर कसा गेला यावर बराच वेळ धारेवर धरलं. जाताना दोन गोष्टी सांगून गेले. एका वेळी बेंचवर एकच व्हॉल्व्ह, त्याचा टॅग बांधून झाल्याशिवाय दुसरा आणायचा नाही. आणि माझा सहीचा अधिकार सहा महिने बंद.

ते सहा महिने मी स्टोअरमध्ये काढले, गास्केट आणि बोल्ट मोजत. बेंचचा आवाज तिथवर यायचा. नवऱ्याने विचारलं, सोडतेस का नोकरी. मी नाही म्हणाले. सोडली असती तर तो तिथे आणि मी घरी, हेच मनात घोळत राहिलं असतं.

भाऊ माझ्याशी कामापुरतं बोलायचा. ताई म्हणणं त्याने थांबवलं नाही, पण डब्यातली मासळी पुढे करणं थांबवलं. चार महिन्यांनी त्याची आई वारली. आम्ही सगळे गावात गेलो. मी दारात उभी होते तर त्याने बायकोला सांगितलं, "या आमच्या ताई. चौदा नियम यांनीच लिहिलेत." तिने मला पाणी दिलं. तिथेही, त्या घरात, मला आधी दिसली ती अंगणभर जमलेली माणसं. इतकी माणसं माझ्यासाठी आली नसती.

सही परत मिळाली तेव्हा साहेबांनी भाऊला वर्कशॉपचा इनचार्ज केलेलं होतं. आता मी त्याच्या हाताखाली आहे. हेवा गेला असं मी म्हणणार नाही. तो काम करतो तेव्हा मी अजूनही मान कलती करून ऐकायचा प्रयत्न करते आणि अजूनही मला काही ऐकू येत नाही.

गेल्या महिन्यात एका क्लोरीनच्या टाकीचा व्हॉल्व्ह माझ्याकडे आला. टॅगवरचा एक आकडा चुकलेला, अक्षर त्याचं. मी खुर्चीवरून उठले, बारा पावलं चालून गेले आणि म्हणाले, "भाऊ, हा आकडा चुकलाय." आवाजात थोडा आनंद होता, तो मला लपवता आला नाही आणि त्याला तो कळलाही असणार. त्याने व्हॉल्व्ह हातात घेतला, नंबर दोनदा वाचला, जुना टॅग कापून नवा लिहिला. मी तो मोठ्याने वाचून दाखवला. मग आम्ही पुढचा व्हॉल्व्ह घेतला.